शनिवारचं कुलूप

आमच्या घरात मला दोन नावं होती. शाळेच्या दाखल्यावर सुमित्रा, आणि घरात, मला ऐकू जात नाही अशा समजुतीनं घेतलं जाणारं, कुलूप. "आज कुलूप उघडं आहे ना गं?" असं अप्पा ऑफिसातून आल्या आल्या विचारायचे आणि अम्मा डोळे वटारून माझ्याकडे खूण करायची. गंमत अशी की कुलूप पडलेलं असताना मला जेवढं ऐकू यायचं तेवढं एरवी कधी येत नसे. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंनी मोहरी फोडणीत टाकली की आधी टाकायची विसरून मग टाकली, हेही मी सांगू शकले असते. फक्त सांगता येत नसे. बोलायचे शब्द आत सगळे जागच्या जागी असत, पण तोंडापर्यंत येत नसत. रहाट तुटलेल्या विहिरीसारखं, पाणी दिसतंय आणि बादली वर येत नाही. हात जड, मान जड, नजर समोरच्या फरशीच्या एका काळ्या डागावर. तास, कधी दोन तास. मग हळूहळू बोटं हलायची, आणि शेवटी आवाज.

आता याला नाव आहे. माझी नात इरा, वय वर्षे चौदा, हिच्यामुळे ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. इराला ऑटिझम आहे आणि ती मधूनमधून अशीच बंद पडते. त्याला शटडाउन म्हणतात. डॉक्टरीणबाई इराला समजावत होत्या की हा हट्ट नाही, नाटक नाही, फार गोष्टी एकदम अंगावर आल्या की डोकं आपणहून दार लावून घेतं. तेव्हा कशाकशानं होतं ते शोधून काढा, टिपून ठेवा. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर आपली सोबतीला म्हणून बसले होते. बाई एकेक लक्षण सांगत होत्या आणि माझी मान आपोआप हलत होती. शेवटी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही कोणाबद्दल हो म्हणताय?" इरा म्हणाली, "ती स्वतःबद्दल म्हणतेय. मला केव्हाचं माहीत आहे."

तर त्या दिवसांतली सुमी. आम्ही म्हैसुरात मंडी मोहल्ल्यामागच्या गल्लीत राहायचो. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत तलवारी घेऊन आले होते म्हणे. तलवारी कुठे गेल्या देव जाणे, आमच्यापर्यंत पोचली ती आडनावं आणि लढाईत हाक मारायचा आवाज. आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नसे, सगळे एकमेकांना मैदानापलीकडून पुकारत. तेही दोन भाषांत. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कन्नडमध्ये शिरायचं आणि परत येईलच याचा नेम नाही. माझी सून पुण्याची आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी प्रेमानं विचारलं, "काफी होणा?" तर ती बिचारी कॉफीचं काय होणार आहे याची वाट बघत बसली. हवी का, असं विचारत होते गं, म्हटलं. आता तीच दूधवाल्याला "साकु, साकु, पुरे" म्हणते, तेव्हा मी काही बोलत नाही, फक्त हसते.

घरात सेनापती अज्जी, अप्पांची आई. उंची बेताची, आवाज हत्ती थांबवेल असा. तिच्या मते माझं कुलूप म्हणजे दृष्ट, दुसरं काही नाही. त्यामुळे मी फरशीकडे बघत गप्प झाले रे झाले की अज्जी निखाऱ्यांवर मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या टाकायची. धूर कोंडायचा, मोहरी तडतडायची, सगळं घर खोकायचं, आणि त्या धुरात पाच जण माझ्याभोवती कडं करून ओरडायचे, "एनायतु? काय झालं गं? पाणी होणा? दुखतंय का? अगं, हूं तरी म्हण!" यानं कुलूप आणखी घट्ट बसायचं. ते घट्ट बसलं की अज्जी म्हणायची, "बघा, दृष्ट केवढी जबर आहे," आणि आणखी सात मिरच्या. आमच्याकडे मिरच्या कधी पुरल्या नाहीत.

आणि मी? मी काय शहाणी होते? चांगली सोळा-सतरा वर्षांची घोडी, पीयूसीला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलेलं, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल बघून आलेली. पण मनातून मला वाटायचं, आपल्याला समाधी लागते. मी कोणीतरी थोर आहे आणि हे धुरातले लोक अजून अज्ञानात आहेत. आरशात बघून मी समाधीचा चेहराही बसवला होता, भुवया जरा वर, ओठ जरा मिटलेले. आज तो चेहरा आठवला की वाटतं, अज्जीनं मिरच्या कमीच वापरल्या.

चैत्रातल्या अमावास्येला कुलूप पडलं, खरंखुरं, आणि अज्जीच्या डोक्यात प्रकाश पडला. दृष्ट नव्हे, तिथी! तिनं त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचे ठिपके द्यायला सुरुवात केली. ज्या दिवशी कुलूप, त्या चौकोनात एक ठिपका. अज्जीला अक्षरं जेमतेम यायची, पण तिथी, नक्षत्र, राहुकाळ ती डोळे मिटून वाचायची. मला तर हे फारच सोयीचं झालं. कारण दर अमावास्येला कुलदेवतेचा नैवेद्य आमच्याकडे असायचा, आणि त्यासाठी अप्पांचे थोरले भाऊ, आमचे दोड्डप्पा, वरुणा नावाच्या खेड्याहून कुटुंबासकट बसनं यायचे. चौदा माणसं. भात, ऊस आणि म्हशींच्या गप्पा मारणारी, मनानं फार चांगली, आणि प्रत्येक जण माझा गाल ओढून विचारणार, "किती मार्क? येवढी बारीक का? लग्नाचं काय? ओळखलंस का मला?" तेव्हा पुढच्या अमावास्येला बस यायच्या आधीच मी फरशीकडे बघायला लागले. समाधीचा चेहरा लावला. अज्जी म्हणाली, "अय्यो, आली बघा अमावास्या," आणि मला माडीवर नेऊन निजवलं. खाली चौदा माणसांचा गदारोळ, आणि मी वर एकटी, अंधारात, शांत. दुपारी अम्मा गुपचूप ओब्बट्ट्यांचं ताट घेऊन आली, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, पण तुपात निथळणाऱ्या. मी तीन खाल्ले. पुढच्या अमावास्येला चार. अज्जीचा सिद्धांत असा मी तूपसाखर घालून वाढवला.

घरात तुंगाआत्याही होती, अप्पांची धाकटी बहीण. लग्न करणार नाही म्हणून तिनं सांगून टाकलं होतं आणि मुलींच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं भरून ठेवणं, मुलींनी जाळलेले टॉवेल लपवणं. सायकलवरून यायची, पदर कमरेला खोचलेला. तिचं एक वाक्य मला पाठ आहे. "दिसलं ते एका वहीत, वाटलं ते दुसऱ्या वहीत. दोन्ही एकात लिहिलं की स्फोट होतो." श्रावण सरता सरता एकदा मी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून पेरू खात होते, तर ती येऊन शेजारी टेकली आणि अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाली, "सुमी, एक सांग. शनिवारी कुलूप पडलं की तू दोन दिवस नुसता ताकभात चिवडतेस, बारा बारा तास झोपतेस. आणि अमावास्येला पडलं की चार ओब्बट्टे. कुलपाला भूक लागते होय गं?"

मी उरलेला पेरू पदराखाली लपवला.

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण ठिपके दोन जातीचे आहेत. मला दिसलंय. तुझ्या अम्माला दिसेल, अप्पांना दिसेल. अज्जीला नाही दिसायचं, कारण तिनं वाटलं ते आधीच लिहून ठेवलंय. खोटे तू दिलेस, तू पूस."

पुसणं म्हणजे कबूल करणं. आणि कबूल केलं की लोक म्हणणार, मग सगळीच खोटी! खऱ्या कुलपांवर विश्वास कोण ठेवणार? चार ओब्बट्टे खाताना हा हिशोब सुचला नव्हता. मी म्हटलं, बघू, पुढच्या आठवड्यात. थोर माणसाला घाई नसते.

घाई अज्जीला होती. पितृपक्ष लागला, मोठी अमावास्या जवळ आली आणि अज्जीनं निकाल दिला. टी. नरसीपूरला, जिथं कावेरी आणि कपिला मिळतात, तिथं एक जाणता माणूस आहे. सात अमावास्या पहाटेची बुडी, दंडाला दोरा, वर लिंबाचा पाला. आणि इथून ये-जा कशाला, तोवर सुमी वरुणाला दोड्डप्पांकडे राहील. चौदा माणसांत! "आणि कॉलेज?" मी विचारलं. "कॉलेज कुठे पळून जातंय?" अज्जी म्हणाली. सात अमावास्या म्हणजे कॉलेजचं वर्ष गेलं हे मला कळत होतं. आणि एकदा चुलीजवळ बसलेली मुलगी सूक्ष्मदर्शकाजवळ परत येत नाही, हेही आमच्या गल्लीत पाहिलेलं होतं. अप्पांनी चष्मा पुसत "सरी, बरं, तू म्हणतेस तसं" म्हटलं. अमावास्या सोमवारी होती. शनिवारी संध्याकाळी दोड्डप्पा मला न्यायला येणार होते.

आता आमचा शनिवार सांगायला हवा. शनिवारी अप्पांचं ऑफिस अर्धा दिवस, माझं कॉलेज अर्धा दिवस. अज्जी सकाळी तांदूळ-उडीद भिजवायची आणि दुपारी मागच्या पडवीत रुब्बुगुंडा घेऊन बसायची. रविवारच्या दोशांचं पीठ वाटायचा तो भला मोठा दगडी गोटा. तो दगडात घर्र घर्र फिरायचा आणि ते घरघरणं जमिनीतून माझ्या दातांत यायचं. अप्पा रेडिओ लावायचे, आणि दगडाच्या वर ऐकू यावा म्हणून मोठा लावायचे. चार वाजता गल्लीतल्या बायका पुढच्या खोलीत मारुतीच्या भजनाला यायच्या, आठ जणी, सहा टाळ. अम्मा मसाल्याच्या मिरच्या भाजायची. आणि या सगळ्यातून सगळे मला काहीतरी विचारायचे, कारण मी रिकामी दिसायची.

त्या शनिवारी मी ठरवलं होतं, आज सांगायचं. दोड्डप्पा आले, पुढच्या खोलीत टेकले. माझी पिशवी दारात भरून ठेवलेली. मी वाक्य तयार केलं होतं, चांगलं पल्लेदार, 'मला आपणा सर्वांना काही निवेदन करायचं आहे,' असं. गाढवीला निवेदन करायचं होतं! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पडवीत दगड घरघरत होता. रेडिओवर बातम्या. टाळ सुरू झाले. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात अम्मा म्हणाली, "सुमी, काफी होणा दोड्डप्पांना, विचार," दोड्डप्पा ओरडले, "साखर बेडा, नको नको," अप्पा म्हणाले, "स्वेटर घेतलास का?" आणि पडवीतून अज्जी, "काय उभी राहिलीस, ये, पीठ सार!" माझी बोटं पदराची कड चोळायला लागली. ते नेहमी आधी व्हायचं, पण तोवर माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. फरशीवरचा काळा डाग जवळ आला. आणि कुलूप पडलं.

खरं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, नेमकं बोलायचं होतं तेव्हा.

"शनिवारी? अमावास्या तर परवा!" अज्जी दगड सोडून, पिठाळलेले हात घेऊन आली. "आत्ताच लागली बघ. निखारे आणा!" कडं झालं. चौदा नव्हती, पण दोड्डप्पा एकटे सहा जणांचे होते. "एनायतु? पाणी होणा? पाणी आणा!" कोणीतरी पाण्याचा पेला माझ्या नाकासमोर धरला. तुंगाआत्या सायकल लावून आत आली, एकदा सगळीकडे बघितलं, आणि पहिलं काम काय केलं, तर रेडिओ बंद केला. मग पुढच्या खोलीत जाऊन टाळवाल्या बायकांना म्हणाली, "पाच मिनिटं, प्लीज." मग तो पेला स्वतःच्या हातात घेतला आणि मला काही म्हणजे काही विचारलं नाही. नुसती माझ्या शेजारी उभी राहिली, कॅलेंडरच्या भिंतीशी.

किती वेळ गेला कोण जाणे. हात शिशासारखा झाला होता. तो मी उचलला, बोट पेल्यात बुडवलं आणि आत्यानं मागे उलटून धरलेल्या कॅलेंडरच्या वैशाखाच्या पानावर टेकवलं. अमावास्येचा ठिपका पुसला. अज्जी ओरडली, "अय्यो, कुंकू पुसतेस? अशुभ!" पण आत्यानं पान उलटलं. पुढची अमावास्या. परत बोट बुडवलं. पुसलं. पाण्याचा रंग गुलाबी झाला. एक मात्र, ती पहिलीवहिली खरी अमावास्या, तशीच ठेवली. बाकी चार, आणि एक संकष्टी, त्या दिवशी कोणाचं तरी बारसं होतं. सगळे गुलाबी डाग. मग मी अज्जीकडे बघितलं. कुलूप असताना मी कोणाकडे बघू शकायची नाही, त्या दिवशी कसं बघितलं ठाऊक नाही.

अम्माचा चेहरा आधी उतरला, मग मला वाटतं तिला चार ओब्बट्टे आठवले, कारण तिनं पदर तोंडाला लावला. दोड्डप्पा म्हणाले, "म्हणजे पोरगी आम्हाला बघून झोपायची?" आणि अप्पा खाली बघू लागले. अज्जीनं मात्र कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि उरलेल्या ठिपक्यांवर पिठाळलेलं बोट एकेक करून ठेवत गेली. शनिवार. शनिवार. शनिवार. एक लग्नाचा दिवस. शनिवार. ती एकुलती अमावास्या, तीही शनिवारी. पांढऱ्या बोटांचे ठसे तांबड्या ठिपक्यांवर उमटत गेले. मी वाट बघत होते, आता म्हणेल, लबाड कुठली, सगळंच नाटक, उचल ती पिशवी.

"तुम्ही सगळे मूर्ख आहात," अज्जी म्हणाली. जणू अमावास्या आम्हीच काढली होती. "अमावास्या कुठली? हा शनी आहे!"

तुंगाआत्यानं तोंड उघडलं. मग, प्रयोगशाळेत काम केलेली हुशार बाई ती, मिटलं.

"शनीला दगडाचा आवाज सोसत नाही," अज्जीनं जाहीर केलं. "शनिवारी या घरात रुब्बायचं नाही. टाळ देवळात वाजवा. मारुती देवळात राहतो, इथं नाही. रेडिओला काय शास्त्र आहे मला ठाऊक नाही, पण नकोच." दोड्डप्पांनी भीत भीत विचारलं, "आणि नरसीपूर?" "नरसीपूर अमावास्येचं औषध आहे," अज्जी तुच्छतेनं म्हणाली. "अमावास्या पुसली ना पोरीनं!" पिशवी मग अम्मानं रिकामी केली. सोमवारी मी कॉलेजला गेले. अमावास्येच्या दिवशी, चौदा माणसं घरी येत असताना. त्यांनी माझ्या नावचे ओब्बट्टे खाल्ले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अज्जीला खरंच शनी वाटला का? बरीच वर्षं मी मैत्रिणींना ही गोष्ट अज्जीची फजिती म्हणून सांगायची. पण त्या संध्याकाळचं एक मी गाळून सांगायची. दिवेलागणीला अज्जी माडीवर आली. निखारे नाहीत, मिरच्या नाहीत. ताकभाताची वाटी माझ्याजवळ ठेवली. होणा, असं विचारलं नाही. हात लावला नाही. आपल्या आवाजाला हत्तीसारखं बांधून ठेवून ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली आणि गेली. ज्या बाईला शनी वाटतो, ती तेल घेऊन देवळात जाते. ती वाटी ठेवून गप्प बसत नाही. पण तिनं कधी कबूल केलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघी एकाच जातीच्या लबाड.

शनिवारचा नियम गल्लीत पसरला. अज्जीचा आवाज होताच तसा. त्या गल्लीतल्या जुन्या घरांत आज विजेचे ग्राइंडर आहेत, आणि शनिवारी ते कोणी चालवत नाही. विचारलं तर सांगतात, पूर्वापार आहे. माझी पुण्याची सूनसुद्धा शुक्रवारीच पीठ वाटून फ्रिजमध्ये ठेवते. मी तिला कशाला सांगू?

इराच्या मोबाइलवर टिपणं ठेवायचं काहीतरी आहे, पण ते दर तासाला टुंग करून विचारतं, 'आता कसं वाटतंय?' दोन दिवसांत इरा त्याच्यामुळेच बंद पडली. मग मी भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि करंडा दिला. ठिपके देता देता मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली, अगदी चार ओब्बट्ट्यांसकट, हसत हसत. ती हसली नाही. म्हणाली, "पण अज्जी, खोट्या ठिपक्यांच्या दिवशी घरी काय होतं?"

"चौदा माणसं," मी म्हटलं. "आणि एक बारसं."

"मग ते खोटे कसे? पडलं असतं ना कुलूप. तू आधीच पळालीस, एवढंच. पुसायला नको होते."

आयुष्यभर स्वतःला लबाड म्हणवून घेऊन मी जी मजा मारली, ती या कार्टीनं एका वाक्यात घालवली. मी पदर चोळत बसले. ते तिला दिसलं आणि तिनं पुढचं काही विचारलं नाही.

परवा तिच्या कॅलेंडरवर गुरुवारी एक ठिपका होता. गुरुवारी शाळेत स्नेहसंमेलन होतं, लाउडस्पीकर लावून, आणि इरा पोट दुखतं म्हणून घरी राहिली होती. दुपारी तिनं दोन दोशे खाल्ले, ते मी वाढले होते. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. पाण्याचा पेला आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होता. मी तो उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि म्हटलं, "हा राहू दे. बाजूला आणखी एक दे. जरा लहान. पळालीस त्याचा."

मग करंडा तिच्याकडे सरकवला.